काजव्यांच्या उजेडात बसण्याची रीत

मृगाच्या सरी पडून जमीन ओली झाली की काजव्यांच्या शोधात निघावे. नागपूर शहरात रस्त्यावरचे दिवे अंधार टिकू देत नाहीत, म्हणून रामटेकच्या पुढे, पेंचच्या दिशेला जाणे उत्तम. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा नैसर्गिक अंधार जपणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली आहे. रात्री जंगलात परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. गावालगतचा, ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून निवडलेला बांध किंवा ओढ्याचा काठ पुरतो. अमावास्येच्या मागेपुढे जावे, पायात उंच बूट असावेत आणि बसण्याची जागा उजेड असतानाच नीट तपासून घ्यावी, कारण हे साप-विंचवांचेही दिवस असतात.

सूर्यास्तानंतर मोबाईल बंद करून किमान अर्धा तास काहीही न करता बसावे. डोळ्याला अंधाराची सवय होण्यास तेवढा वेळ लागतो, आणि एकदा पडद्याकडे पाहिले की तो सारा वेळ वाया जातो. बॅटरी लागलीच तर तिच्यावर लाल कागद बांधावा.

काजवे दिसू लागले की सगळ्या झाडाकडे न पाहता एकच काजवा निवडून त्याच्या दोन लुकलुकींमधले अंतर मनात मोजावे. उडत चमकणारा बहुधा नर असतो. मादी गवताच्या पात्यावरून उत्तर देते. पात्यावर बसलेला काजवा जवळून पाहता आला, तर पोटाच्या टोकाचे फिकट पिवळसर खंड दिसतात, आपल्याकडच्या अनेक जातींत नराचे दोन आणि मादीचा एक. त्या खंडांत ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ल्युसिफेरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने प्राणवायूशी संयोग होतो आणि जवळजवळ उष्णता न देणारा प्रकाश निघतो. काजव्याला पकडून बाटलीत घालू नये. त्याचे प्रौढ आयुष्य थोड्या आठवड्यांचेच असते.

आता विचाराकडे वळावे, आणि त्यासाठी बृहदारण्यक उपनिषदातील जनकाचा प्रश्न हाताशी घ्यावा. माणूस कोणत्या प्रकाशावर वावरतो, असे तो याज्ञवल्क्य ऋषींना विचारतो. उत्तरे क्रमाने येतात: सूर्य, तो मावळल्यावर चंद्र, तोही मावळल्यावर अग्नी, अग्नी विझल्यावर वाणी, आणि वाणीही थांबल्यावर आत्मा. यातली चौथी पायरी बांधावर बसूनच खरी कळते. स्वतःचा हातही दिसत नसेल तेव्हा माणूस आवाजाच्या रोखाने जातो, असे याज्ञवल्क्य म्हणतात. काजव्यापाशी मात्र ज्योती आणि वाणी या दोन पायऱ्या एकच होतात, कारण त्याचा उजेड वाट दिसावी यासाठी नसून कोणाला तरी साद घालण्यासाठी आहे. ही साद आपल्याला उद्देशून नाही, हे मनात पुरते उतरेपर्यंत बसून राहावे. माझ्या मते सगळ्या चिंतनात हेच सर्वांत कठीण आहे.

ढग फाटले असतील तर वर पाहावे. जूनअखेरीस रात्री आठच्या सुमारास स्वाती ही तारका जवळजवळ डोक्यावर असते आणि तिचा आज दिसणारा प्रकाश सुमारे ३७ वर्षांपूर्वी निघालेला असतो. तो कोणालाही साद घालत नाही. स्वातीकडून पुन्हा गवताकडे, असे दोन-तीनदा पाहावे आणि दोन्ही प्रकाशांना ‘नैसर्गिक’ या एकाच नावाखाली ठेवावे का, याचा निर्णय तिथेच बसून करावा.

उठण्यापूर्वी शेतमालकाशी एक गोष्ट जरूर बोलावी: बांधावरचा हॅलोजन पावसाळ्याच्या सुरुवातीचे काही आठवडे रात्री बंद ठेवता आला, तर नर-मादीची सादप्रतिसाद तुटणार नाही.