थरांतून आठवण रंगवताना या चुका टाळा

आठवणीचं चित्र काढायचं ठरलं की बऱ्याच जणांचा हात आधी मॉडेलिंग पेस्टच्या, म्हणजे जाड पोत उठवणाऱ्या लेपाच्या, डब्याकडे जातो. सगळ्या कॅन्व्हासवर जाड लेप, वर पेंटिंग नाईफचे (रंग लावायच्या सुरीचे) फटकारे, आणि नजर कुठेच ठरत नाही. पोत उठून दिसायला शेजारी सपाट जागा लागते. आठवणीत जे ठसठशीत आहे तिथेच जाडी ठेवा, बाकीचं पातळ राहू द्या.

वाळू, राख, पेंढा उगाच चिकटवणं ही त्याच्याच जोडीची चूक. जर्मन चित्रकार आन्सेल्म कीफरने 1981 च्या ‘मार्गारेथे’ या चित्रात पेंढा वापरला तो पॉल सेलानच्या कवितेतल्या मार्गारेथेच्या सोनेरी केसांसाठी. तिथे पेंढ्याला काम आहे.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे खालचा थर पुरता झाकून टाकणं. मग एवढे थर दिले कशाला? समजा, खाली पिवळ्या ऑकरमध्ये (मातकट पिवळ्या रंगात) खिडकी आहे आणि ती पक्की वाळली आहे. वर करडा रंग द्या आणि तो ओला असतानाच ब्रशच्या दांड्याने खरवडा. चौकटीची एखादी कड वर येते, बाकी खिडकी बघणारा मनानेच पुरी करतो. अ‍ॅक्रिलिक फार लवकर वाळतं, म्हणून थोड्या थोड्या भागातच काम करा. वाळून गेलंच तर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा. कोरडं घासलं तर रंगाची धूळ नाकात जाते.

पुसट दाखवायचं म्हणून प्रत्येक रंगात टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग मिसळला की चित्र खडूसारखं होतं. त्यापेक्षा जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग वरवर फिरवा.

तैलरंगात तडे का जातात? हा रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. खालचा थर तेलकट आणि वरचा टर्पेंटाइनने पातळ केलेला असेल, तर वरचा आधी आवळतो, खालचा अजून हलत असतो. म्हणून तेलाचं प्रमाण खालून वर वाढवत न्या. आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग सावकाश वाळतो, तळाला तो नकोच. लवकर वाळणारा तपकिरी बर्न्ट अंबर बरा. तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक तर देऊच नका, पापुद्रे सुटतात. तडे बघून ‘छान जुनं वाटतंय’ म्हणणारेही भेटतात, पण ते तडे तुम्ही ठरवलेले नसतात. त्यांत रंग भरूनही उपयोग नाही, पुन्हा उघडतात. पक्क्या थरापर्यंत खरवडून काढा.

जुना फोटो किंवा पत्र चित्रात घ्यायचं असेल तर मूळ प्रत चिकटवू नका. लेझर प्रिंट काढा, कारण इंकजेटची शाई बहुतेकदा ओलं मीडियम (कागद चिकटवायचं द्रव) लागताच पसरते. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडणारच. तो पिवळेपणा चित्राला चालणार असेल तरच घ्या.