विमानयोग्यता आदेश, म्हणजेच 'एडी' : वाचावी कशी, पाळावी कशी, नोंदवावी कशी

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाच्या कुंपणापलीकडे धानाच्या बांध्या आहेत, आणि पावसाने उघडीप दिली की रोवणी करणाऱ्या बायांच्या डोक्यावरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने घिरट्या घालताना दिसतात. या परिसरातील मुले आता बारावीनंतर विमान देखभालीच्या अभ्यासक्रमाला जाऊ लागली आहेत. सुट्टीत गावी आली की त्यांच्यापैकी काही जण माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "काका, एडी आली म्हणजे नेमकं करायचं काय?" व्याख्या त्यांना पाठ असते, कागद हातात पडल्यावर सुरुवात कुठून करावी, हे मात्र कोणी सांगितलेले नसते. माझे सगळे काम लहान विमानांवर झाले आहे, त्यामुळे उदाहरणेही तिथलीच देतो.

एखाद्या विमानात सुरक्षिततेला बाधा आणणारा दोष आढळला आणि तोच दोष त्या प्रकारच्या इतर विमानांतही असण्याची किंवा पुढे निर्माण होण्याची शक्यता दिसली, तर नियामक संस्था तो शोधण्याचा व दूर करण्याचा बंधनकारक आदेश काढते. हा आदेश म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, हँगरच्या भाषेत 'एडी'. अमेरिकेत तो एफएए काढते, युरोपात इयासा. आपल्याकडे डीजीसीए स्वतःचे आदेश काढते. शिवाय ज्या देशाने विमानाच्या आराखड्याला मान्यता दिली, त्या देशाचे आदेश भारतात नोंदलेल्या विमानांनाही पाळावे लागतात. डीजीसीएच्या 'कार-एम' नियमावलीतील एम.ए.३०३ हे कलम याच विषयाचे असून, लागू असलेली प्रत्येक एडी तिच्यातच दिलेल्या अटींप्रमाणे पूर्ण झाली पाहिजे, असे ते सांगते.

कागद हातात आला की तो खरोखर एडी आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. उत्पादक कंपनी काढते ते सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे 'एसबी'. तिच्यावर 'मँडेटरी' असा ठळक शिक्का असला तरी ती कंपनीची शिफारस असते. नियामकाने एडीत तिचा आधार घेतला की मग ती कायद्याने बांधते. नियामकाचीही काही पत्रके केवळ माहितीसाठी असतात. एफएएने १७ डिसेंबर २०१८ रोजी काढलेले एनएम-१८-३३ हे माहितीपत्रक त्यातलेच. काही बोइंग विमानांतील इंधन नियंत्रण स्विचचे लॉक तपासण्याची शिफारस त्यात होती. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला झालेल्या अपघाताच्या प्राथमिक अहवालात नोंद आहे की हे पत्रक बंधनकारक नसल्याने ती तपासणी करण्यात आली नव्हती. अपघाताच्या कारणाविषयी मी येथे काहीही सुचवत नाही. ते चौकशीचे काम आहे. मात्र त्यानंतर १४ जुलै रोजी डीजीसीएने तीच तपासणी २१ जुलैपर्यंत पूर्ण करण्याचा आदेश दिला. कागद तोच राहिला, पण त्याचे वजन बदलले. म्हणून बंधनकारक नसलेले पत्रकही बाजूला टाकू नये. ते वाचावे, आणि करायचे की नाही हा निर्णय कारणासह लिहून ठेवावा.

यानंतर विमानाजवळ जावे. संगणकाकडे नंतर. धडाचा, इंजिनाचा आणि प्रोपेलरचा डेटा प्लेट, म्हणजे ओळख कोरलेली पट्टी, शोधून प्रत्येकावरील मॉडेल व सीरियल नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून वहीत उतरवावा. एडी धडासाठी, इंजिनासाठी, प्रोपेलरसाठी आणि विमानात बसवलेल्या इतर उपकरणांसाठी वेगवेगळ्या निघतात, त्यामुळे एकाच विमानासाठी तीन-चार ठिकाणी शोध घ्यावा लागतो. डायमंड डीए-४० चे मूळ ऑस्ट्रियाचे, पण त्याच्या एका प्रकारावर अमेरिकेतील लायकमिंगचे इंजिन असते. अशा विमानासाठी केवळ इयासाची यादी पाहून थांबणारा अभियंता इंजिनाच्या सगळ्या एडी चुकवतो. इंजिन ओव्हरहॉल होऊन परत आले असेल तर आत कोणते भाग बदलले, हेही कागदपत्रांतून पाहावे. लायकमिंगच्या कनेक्टिंग रॉडच्या बुशिंगविषयीची एडी २०१७-१६-११ काही इंजिनांना केवळ याच कारणाने लागू झाली की दुरुस्तीत त्यांच्यात विशिष्ट काळात पाठवलेले सुटे भाग बसले होते.

एडीच्या क्रमांकात बरीच माहिती असते. एफएएच्या क्रमांकात आधी वर्ष, मग त्या वर्षातला पंधरवडा, मग अनुक्रम येतो, आणि तातडीच्या आदेशांचे अनुक्रम ५१ पासून सुरू होतात. इंडोनेशियातील लायन एअर कंपनीच्या विमानाच्या अपघातानंतर ७ नोव्हेंबर २०१८ रोजी बोइंग ७३७ मॅक्ससाठी निघालेली २०१८-२३-५१ ही तातडीची होती, हे क्रमांकावरूनच कळते. इयासाच्या क्रमांकाच्या शेवटी 'ई' असेल तर ती तातडीची आणि 'आर' व त्यापुढे आकडा असेल तर सुधारित. जुनी एडी रद्द होऊन तिच्या जागी नवी आली असेल तर तसे सुरुवातीलाच लिहिलेले असते. अशा वेळी जुन्या एडीखाली केलेले काम नव्या एडीत धरले जाते की नाही, हे मजकुरातूनच ठरते, अंदाजाने ठरवू नये.

आता एक एडी जवळून पाहू. सेसना १७२ व त्याच्या भावंडांसाठी २०११-१०-०९ ही एडी आहे, आणि ज्याने सेसनावर काम केले त्याला ती माहीत असतेच. वैमानिकाची सीट जमिनीवरच्या दोन रुळांवर पुढे-मागे सरकते. रुळाला ओळीने भोके असतात आणि सीटखालची स्प्रिंगची पिन त्यांतल्या एकात बसून सीट जागेवर धरते. वर्षानुवर्षांच्या वापराने भोके लांबट होतात आणि पिन झिजते. टेकऑफच्या वेळी नाक वर होत असताना पिन निसटली, तर सीट वैमानिकासह मागे जाते. त्याचे पाय रडरच्या पेडलपासून सुटतात आणि हातात धरलेला कंट्रोल त्याच्याबरोबर मागे ओढला जाऊन नाक आणखी वर जाते. असे अपघात झालेले आहेत.

म्हणून ही एडी रुळांवरच्या चिरा, भोकांची झीज, पिन, रोलर आणि स्प्रिंग तपासायला लावते. भोक कोणत्याही दिशेने ०.४२ इंचापेक्षा, म्हणजे सुमारे १०.७ मिलिमीटरपेक्षा जास्त झिजले असेल तर रूळ बदलावा लागतो. पिन भोकात किमान ०.१५ इंच उतरली पाहिजे. भोकांत साचलेली घाणही पाहावी लागते, आणि आपल्याकडे हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात विद्यार्थ्यांच्या बुटांना लागून आलेली काळी माती रुळावर पडते, भोकात बसते आणि उन्हाने विटेसारखी घट्ट होते. पिन वरून बसल्यासारखी दिसते, पण खाली दगड लागल्यासारखी अडलेली असते. सीट हलवून पाहण्याने हे कळत नाही. सीट पूर्ण काढावी, रूळ स्वच्छ करावा, टॉर्च तिरपा धरावा म्हणजे चीर सावलीसारखी उमटते, आणि मगच कॅलिपर लावावा.

सर्वांत जास्त चुका मुदतीत होतात. ही तपासणी दर १०० उड्डाण तासांनी किंवा दर १२ महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करायची आहे. प्रशिक्षणाच्या विमानाला हिवाळ्यात रोज सहा तास उड्डाण मिळाले तर शंभर तास सतरा दिवसांत भरतात; हँगरात उभ्या राहिलेल्या विमानाला मात्र बारा महिने आधी गाठतात. तास कोणते धरायचे, हेही पक्के असावे. अमेरिकी नियमांत 'टाइम इन सर्व्हिस' म्हणजे विमान जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ. टॅक्सीचा वेळ त्यात येत नाही. मागची तपासणी ४,३१२.६ तासांना झाली असेल तर पुढची ४,४१२.६ पर्यंत व्हायलाच हवी. ती ४,३९० ला लवकर केली, तर पुढचे शंभर ४,३९० पासून मोजावे.

यात माझ्याकडूनही चूक झाली आहे. मी काम करत असलेल्या एका संस्थेत शंभर तासांच्या नेहमीच्या तपासणीला देखभाल कार्यक्रमात काही तासांची सवलत मंजूर होती आणि हंगामाच्या गर्दीत आम्ही ती घेतली. सीट रुळाची एडी त्याच तपासणीच्या कामाच्या कार्डावर छापलेली होती, त्यामुळे तिलाही आपोआप सवलत मिळाली असे आम्ही धरून चाललो. पण ती सवलत देखभाल कार्यक्रमाची होती. एडीत जे लिहिलेले नाही, ते एडीला मिळत नाही. पुढे कागदांची छाननी झाली तेव्हा लक्षात आले की त्या विमानाने मुदत संपल्यावर चार उड्डाणे केली होती. रूळ मोजले तेव्हा मापात निघाले. तरीही त्या चार उड्डाणांना बसलेल्या मुलांची नावे मी टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, पुन्हा वाचली, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. आम्ही ते लपवले नाही, रीतसर कळवले. तेव्हापासून मी प्रत्येक एडीची मुदत तपासणीच्या कार्डापासून वेगळ्या ओळीत, वेगळ्या रकान्यात ठेवतो, आणि तुम्हीही तसेच करावे असा माझा आग्रह आहे.

एडीत सांगितलेली पद्धत सोडून दुसऱ्या मार्गाने काम करायचे असेल, तर पर्यायी पद्धतीला नियामकाची लेखी मंजुरी लागते. वरिष्ठांनी तोंडी 'चालेल' म्हटल्याने ती मिळत नाही.

नोंद अशी लिहावी की दहा वर्षांनी त्या विमानाला पहिल्यांदा हात लावणाऱ्या अभियंत्याला कोणाला फोन करावा लागू नये. एडीचा क्रमांक व सुधारणा, कोणत्या परिच्छेदानुसार काम केले, तारीख, विमानाचे एकूण तास, मिळालेली मापे, बदललेल्या भागाचा क्रमांक, पुढची मुदत तासांत आणि तारखेत, आणि सही परवाना क्रमांकासह. 'तपासले, ठीक' एवढ्याने काही सिद्ध होत नाही. 'डावा बाहेरचा रूळ, चौथे भोक ०.३८ इंच' असे लिहिले तर पुढच्या वेळी झीज किती वाढली हे कळते. एखादी एडी लागू नसेल तर तेही कारणासह लिहावे: सीरियल नंबर यादीत नाही, किंवा तो भाग या विमानात नाही. नुसते 'लागू नाही' असे लिहिलेले मी स्वीकारत नाही.

तातडीच्या एडीत बहुधा 'पुढील उड्डाणापूर्वी' असे शब्द असतात. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी इयासाने ए-३२० विमानांच्या नियंत्रण संगणकासाठी काढलेल्या २०२५-०२६८-ई या एडीने जगभरातील हजारो विमानांवर असाच प्रसंग आणला. लहान विमान अशा वेळी मूळ तळावर असेलच असे नाही. समजा ते चंद्रपूरजवळच्या मोरव्याच्या धावपट्टीवर उभे आहे आणि तुमचा हँगर नागपूरला आहे. कंट्रोल लॉक लावून त्यावर 'उडवू नये' अशी पाटी बांधायला लावावी, प्रशिक्षकाला स्वतः सांगावे, टेक लॉगमध्ये नोंद करावी आणि देखभाल व्यवस्थापनाला कळवावे. 'नागपूरला आणून करू' हा विचार एडीने परवानगी दिली असेल आणि डीजीसीएची विशेष उड्डाणाची मंजुरी हातात असेल तरच करावा. नसेल तर सुमारे दीडशे किलोमीटर रस्त्याने अभियंत्यानेच विमानाकडे जायचे असते. निघण्यापूर्वी एडीची छापील प्रत, भागासोबतचे प्रमाणपत्र आणि कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासणीची, तारीख न संपलेला कॅलिपर गाडीत ठेवला आहे याची खात्री करावी. त्या धावपट्टीवर यांपैकी काहीही मिळणार नाही.