कुत्र्या-मांजराला अँटिबायोटिकचा गुण येत नाही? या चुका टाळा

"चार दिवस गोळ्या दिल्या, गुण काही नाही. जरा स्ट्राँग काहीतरी द्या." निपाणीत मेडिकलच्या काउंटरवर बसलं की कुत्र्या-मांजरांसाठी ही मागणी सारखी कानावर येते. हातात बहुतेक वेळा कात्रीने कापलेली अर्धी स्ट्रिप असते, आणि औषधाचं नाव नि मुदतीची तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर गेलेली. अशा वेळी स्ट्राँग गोळी मागण्याआधी विचारायला हवं की आधीची गोळी कुठल्या आजारावर दिली, किती वजनाला दिली आणि ती पोटात कशी गेली. दोष बहुधा तिथेच सापडतो.

जंतूच नाहीत, तिथे औषध काय करणार?

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. लस न झालेलं पिल्लू एकाएकी मलूल होतं, उलट्या होतात, रक्ताची हगवण लागते, तेव्हा पार्व्हो विषाणूची शंका आधी घ्यायची. त्यात डॉक्टर अँटिबायोटिक देतात ते आतड्यातून रक्तात शिरणाऱ्या दुसऱ्या जंतूंना रोखायला. पिल्लाचा जीव मुख्यतः सलाइनवर तगतो. घरी गोळी देऊन दोन दिवस वाट बघणं म्हणजे तेच दोन दिवस गमावणं.

बोका लघवीला बसतो, कण्हतो आणि थेंबही येत नाही, हा प्रसंग तर त्याहून घाईचा. तरुण मांजरांच्या लघवीच्या त्रासात जिवाणू क्वचितच सापडतात. बोक्याची मूत्रनळी तुंबलेली असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. गोळी शोधत बसू नका, गाडी काढा. नसबंदी न झालेल्या कुत्रीला माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत तहान वाढली, ती सुस्त झाली, खालून पू येऊ लागला, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. त्यावर खात्रीचा उपाय ऑपरेशन हाच. नुसत्या गोळ्यांच्या भरवशावर राहू नये.

कातडीची खाज हा चिवट प्रकार. गोळ्यांनी पुरळ बसतं, महिन्याभरात पुन्हा उठतं, आणि दोष गोळीला दिला जातो. पण खाली पिसवा, खरूज किंवा ॲलर्जी तशीच राहिली तर पुरळ परत येणारच. वरवरच्या पुरळाला कित्येकदा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या शांपूने आंघोळ घालून भागतं. तो अंगावर दहा मिनिटं राहू द्यायचा आणि मग धुवायचा. तेवढा धीर मात्र हवा.

अंदाजाचं वजन

"लहान मुलाची गोळी अर्धी देऊ का?" या प्रश्नात दोन उलट दिशांचे धोके आहेत. सेफॅलेक्सिन या अँटिबायोटिकचं उदाहरण घ्या. कुत्र्याला ते साधारण किलोमागे 22 मिलीग्रॅमच्या हिशेबाने दिवसातून दोनदा देतात. 28 किलोच्या मुधोळ कुत्र्याला एका वेळी सहाशेच्या आसपास लागतं. माणसाची 250 ची एक कॅप्सूल दिली तर निम्माही डोस जात नाही. जंतू मरत नाहीत, उलट त्यातले चिवट तेवढे शिल्लक राहून वाढतात.

आता मांजर. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मांजराला दिवसाला किलोमागे 5 मिलीग्रॅमच्या वर देत नाहीत, कारण जास्त झालं तर डोळ्याचा पडदा जळून कायमचं आंधळेपण येऊ शकतं. साडेतीन किलोच्या मांजराला साडेसतरा मिलीग्रॅम ही हद्द. घरातल्या कुत्र्याची 50 ची गोळी तिला दिली की जवळपास तिप्पट झालं. वाढत्या वयाच्या पिल्लांनाही हे औषध जपून देतात, सांध्यांच्या कूर्चेला इजा होते म्हणून. वजन करणं अवघड नाही: जनावर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा.

याच ठिकाणी सांगतो. "ताप आहे" म्हणून अँटिबायोटिकबरोबर पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका. पाचशेची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्यालाही वर्ज्य. बिनसाखरेच्या सिरपात झायलिटॉल असेल तर तेही कुत्र्याला विषासारखं आहे.

कुंद्यात लपवलेली गोळी

बेळगावात गोळी खपवायला कुंदा, म्हणजे इथली खव्याची मिठाई, हाताशी असतोच, नाहीतर दूध. माया समजते, पण दूध-खव्यातलं कॅल्शियम एन्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधांना धरून ठेवतं आणि ती रक्तात कमी उतरतात. त्यापेक्षा उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा तुकडा बरा.

मांजराला डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल कधीही कोरडी गिळवू नये. ती अन्ननळीत अडकते, तिथेच विरघळून आतून भाजते आणि पुढे नळी आक्रसते. मग मांजर खाल्लेलं परत बाहेर काढू लागतं. गोळी गेल्यावर लगेच सुई काढलेल्या सिरिंजने पाच-सहा मिलि पाणी गालाच्या बाजूने हळूहळू द्या, किंवा ओलं खाणं पुढे ठेवा. पातळ औषध मिळत असेल तर तेच मागून घ्या.

चौथ्या दिवशी शेपटी हलली म्हणून थांबवलेला कोर्स

गोचीडतापात हे सर्वांत जास्त होतं. आपल्याकडे घराला लागूनच गोठा, अंगणात कुत्रं, त्यामुळे गोचिडांना तोटा नाही. एर्लिकिया, म्हणजे गोचिडातून येणाऱ्या जिवाणूचा ताप, झालेलं कुत्रं डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत उठून खाऊ लागतं. कोर्स मात्र 28 दिवसांचा असतो. मध्येच थांबवलं तर जंतू शरीरात दबा धरून राहू शकतात आणि पुढे प्लेटलेट पुन्हा घसरतात. याउलट तीन दिवसांत काहीच फरक नसेल, लघवी कॉफीच्या रंगाची असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, तर बबेसिया या गोचिडातूनच येणाऱ्या दुसऱ्या परजीवीचा संशय येतो. त्यावर एकट्या डॉक्सिसायक्लिनचा उपयोग नाही, औषध वेगळं लागतं. म्हणून रक्ताची तपासणी टाळू नका. भिंतीच्या फटीतल्या गोचिडांचाही बंदोबस्त करा. कुत्र्यावरच्या तेवढ्या काढून पुरत नाही.

प्रत्येक कोर्स लांबच असतो असंही नाही. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला हल्ली तीन ते पाच दिवस पुरतात. किती दिवस ते डॉक्टरांनी ठरवायचं.

दोन गावं, दोन चिठ्ठ्या

संकेश्वरची माणसं गडहिंग्लजला दाखवतात, निपाणीची कोल्हापूरला, चंदगडची बेळगावला. एकीकडे गुण आला नाही की दुसरीकडे जातात आणि पहिली चिठ्ठी घरीच राहते. दुसरे डॉक्टर तेच औषध वेगळ्या कंपनीच्या नावाने लिहितात, आणि दोन्ही पट्ट्या एकदम सुरू राहतात. वेदनाशामकाच्या बाबतीत हा डबल डोस जठर आणि मूत्रपिंडावर बेततो. दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, स्ट्रिप कापून घेतली तरी नावाच्या बाजूचा फोटो काढा, आणि काउंटरवर विचारा: यातलं मूळ औषध एकच आहे का?

गोठ्यातल्या गाईची उरलेली बाटली कुत्र्याला टोचणं याहून वाईट. जेंटामायसिनसारखं इंजेक्शन उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या कुत्र्याला दिलं तर मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आणि कुत्रं चावल्याचा प्रश्न असेल, तर अँटिबायोटिक रेबीज रोखत नाही. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून आधी लशीचं विचारा.

मेडिकलवाल्यावर रागावू नका. 2014 च्या मार्चपासून लागू झालेल्या, औषध नियमांतल्या एच-1 यादीतल्या अँटिबायोटिकसाठी चिठ्ठी आणि वेगळी नोंदवही सक्तीची आहे. चिठ्ठीशिवाय देणारा तुमच्या जनावराचं भलं करत नाही.

बारीकसारीक

एक डोस चुकला तर आठवल्यावर द्या; पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नकोत. गोळी दिल्यावर लगेच उलटी झाली तर परत देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. पाणी घालून तयार केलेलं ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिकचं सिरप फ्रिजमध्ये ठेवा आणि बाटलीवर लिहिलेल्या दिवसांनंतर टाकून द्या. मागच्या आजाराचं उरलेलं सिरप या वेळी चालत नाही.

हे सगळं नीट करूनही दुसऱ्या अँटिबायोटिकचा गुण आला नाही, तर तिसरं मागण्याऐवजी कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीची तपासणी, म्हणजे जंतू कोणता आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं हे बघणारी, करायला सांगा. पू किंवा लघवीचा नमुना निर्जंतुक डबीत, शक्यतो नवं औषध सुरू करण्याआधी घेतात. आधी काय-काय दिलं आणि शेवटचा डोस कधी, हे प्रयोगशाळेच्या कागदावर लिहून द्या. अहवालाला काही दिवस लागतात. तोवर जखम धुत राहा, जनावर चाटत असेल तर गळ्यात कॉलर घाला, आणि ते खायचं-प्यायचं थांबलं तर अहवालाची वाट न बघता दवाखान्यात न्या.