दुबईत घर शोधताय? मेट्रो नकाशावर नको, पायी मोजा

जाहिरातीत ‘मेट्रो ५ मिनिटांवर’ असं दिसलं की एजंटला आधी विचारा, पायी की गाडीने? मेट्रोची रेड लाइन बरीचशी शेख झायेद रोडच्या कडेने जाते आणि तो रस्ता वाटेल तिथे ओलांडता येत नाही. बिल्डिंग समोर दिसते, पण स्टेशनचा एसी पूल चढायचा, पलीकडे उतरायचं, मग सर्व्हिस रोडने उन्हात चालायचं. म्हणून घर बघायला संध्याकाळी जाऊच नका. दुपारी दोनला जा, स्टेशनच्या गेटपासून बिल्डिंगच्या दारापर्यंत स्वतः चाला. दहा मिनिटांच्या वर लागली, तर मे ते सप्टेंबर तुम्ही टॅक्सीच करणार. मग मेट्रोच्या नावाने जादा भाडं कशाला भरायचं?

स्टेशनपर्यंत नेणाऱ्या फीडर बसचा नंबर ‘एफ’ने सुरू होतो. ३० मिनिटांच्या आत बस-मेट्रो बदलली तर प्रवास एकच धरतात. उतरताना नोल कार्ड (बस-मेट्रोचं प्रीपेड कार्ड) टेकवायला मात्र विसरू नका. साध्या सिल्व्हर नोल कार्डावर भाड्याच्या एका झोनला ३, शेजारच्या दोन झोनना ५, त्यापुढे ७.५० दिऱ्हाम. डब्यात खाल्लं-प्यायलं की १०० दिऱ्हाम दंड, बायकांच्या डब्यात घुसलेल्या पुरुषालाही तेवढाच.

सगळ्यात महाग पडते ती मेट्रोच्या येणाऱ्या ब्लू लाइनची घाई. ३० किलोमीटर, १४ स्टेशनं, आणि सुरू व्हायची जाहीर तारीख ९ सप्टेंबर २०२९! इंटरनॅशनल सिटी किंवा सिलिकॉन ओएसिसला घर विकत घेणारा थांबू शकतो. तुमचा भाडेकरार वर्षाचा. तोवर बसनेच जाणार असाल तर बसचंच भाडं द्या, येणाऱ्या मेट्रोचं नाही. भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक एकदा दिले की मधेच सोडणं जड जातं.

आणि जवळ स्टेशन झालं म्हणून मालकाला मनाला येईल तेवढं वाढवता येत नाही. करार संपायच्या ९० दिवस आधी कळवावं लागतं. तुमचं भाडं सरकारी भाडे निर्देशांकापेक्षा (त्या भागातल्या तशाच घरांचं भाडं) १० टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ शून्य. ४० टक्क्यांहून कमी असलं तरी २० टक्क्यांच्या वर नाही. हे मागायला एजारी, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी, झालेली हवी. ती पहिल्याच आठवड्यात करून टाका.

शारजाह स्वस्त म्हणून आपली मंडळी तिकडे धावतात आणि रोजची संध्याकाळ दुबई-शारजाह जोडणाऱ्या अल इत्तिहाद रोडच्या ट्रॅफिकमध्ये काढतात. शारजाहला मेट्रो नाही. राहायचंच असेल तर गाडी दुबई मेट्रोच्या ग्रीन लाइनच्या शारजाहकडच्या टोकाच्या स्टेशनच्या पार्किंगमध्ये लावा, पुढे मेट्रोने गेलात तर पार्किंग फुकट. रविवारी सकाळची शिफ्ट असेल तर दुसरी सोय बघा, त्या दिवशी मेट्रो ८ ला सुरू होते.