दुकानाचं इन्स्टाग्राम बोलतं कसं ठेवायचं

सदाशिव पेठेत माझं मसाल्यांचं दुकान आहे आणि त्याचं इन्स्टाग्राम मीच सांभाळते. आधी एक कळकळीचं सांगणं: फॉलोअर विकत घेऊ नका. आकडा फुगतो, गिऱ्हाईक वाढत नाही.

‘उत्तम दर्जा, वाजवी दर’ असं लिहिलं की त्यावर कोणी काय बोलणार? त्यापेक्षा गोड्या मसाल्याचं दगडफूल हातात धरून रील करा, ते तेलावर कितपत परतायचं ते जवळून दाखवा आणि विचारा, ‘तुमच्या आमटीत चिंच की आमसूल?’ मग कोथरूडपासून हडपसरपर्यंतच्या काकू-मावश्या हिरिरीने लिहितात. प्रत्येकीला नावानिशी उत्तर द्या, नुसता बदाम टाकू नका. कोणी ‘मसाला कडवट लागला’ म्हणाली तर कमेंट पुसू नका. तिथेच विचारा, फोडणीत घातलात की उकळीत? हे बाकीचे वाचत असतात, आणि विश्वास तिथेच बसतो.

स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून चांगल्या स्टोऱ्या हायलाइटमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण मावतात, पण निरोप तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. बिल करतानाच तो सेव्ह करायला सांगा. रोजचं ‘शुभ सकाळ’ नको. मंडईत लोणच्याच्या कैऱ्या आल्या की मात्र लगेच कळवा.