गोव्यात कामाला येताय? खोलीआधी पोराची दुपार ठरवा

सावंतवाडी, कुडाळ, चंदगड, बेळगाव या बाजूची माणसं गोव्यात नोकरी लागली की आधी भाडं विचारतात. दोघंही कामाला जाणार आणि घरात सहा वर्षांच्या आतलं मूल असेल, तर भाड्याआधी दुपारी ते कुणाकडे राहील ते ठरवा. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीजवळ भाडं जास्त पडलं, पण शेजारीच सांभाळणारी बाई मिळाली, तर ती खोली स्वस्तच. लांबच्या खोलीत वाचलेले पैसे उशिरा येणाऱ्या बसपायी आणि खाड्यांपायी जातात.

सकाळचं सोपं आहे. अंगणवाडीला पैसे पडत नाहीत. तीन ते सहा वर्षांची मुलं तिथं बसतात, खायला मिळतं; त्याहून लहानांना घरी न्यायचा आहार देतात. गावच्या अंगणवाडीत नाव असेल तर निघण्यापूर्वी तिथल्या सेविकेला सांगा. पोषण ट्रॅकर अ‍ॅपवरून नाव इकडे हलवता येतं. आधार आणि लसीकरणाचं कार्ड सोबत असू द्या, गावी ट्रंकेत नको.

दुपारनंतर मात्र अंगणवाडीचा उपयोग नाही. केंद्राच्या मिशन शक्तीत 2022 पासून ‘पाळणा’ योजना आहे: अंगणवाडीलाच जोडलेलं पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, दिवसाला साडेसात तास. ते सगळीकडे सापडत नाही, म्हणून सेविकेला किंवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारा. मिळालं तरी आठ तासांची शिफ्ट आणि वर जाण्यायेण्याचा वेळ साडेसात तासांत बसत नाही. मागचापुढचा तास कुणीतरी धरावाच लागतो.

कंपनीतही विचारा. 50 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय देणं मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीपासून मालकावर बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला बघायला जाता येतं. ठेकेदारामार्फत लागलेल्या बायकांना ‘ते कंपनीच्या लोकांना’ असं सांगून परतवणारे भेटतात. तोंडी वाद घालू नका, लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर पणजीत पाटोला श्रमशक्ती भवन आहे, तिथं कामगार खातं बसतं. एकटीनं जाण्यापेक्षा चौघी मिळून गेलात तर बरं.

खरं सांगायचं तर बहुतेकांचं निभतं ते वाड्यावरच्या एखाद्या काकीच्या जिवावर. घरीच दोन-तीन पोरं सांभाळणाऱ्या बायकांची पाटी कुठं नसते. अंगणवाडीच्या मदतनिसांना आणि नाक्यावरच्या किराणावाल्याला त्या माहीत असतात. काकीचं घर बघायला दुपारी जा, सकाळी नको. दुपारी काकीला डुलकी लागते तेव्हा पोरं काय करतात ते कळतं. विहिरीला कठडा आहे का, घरात आणखी कोण पुरुषमाणसं असतात, हे बघायला संकोच करू नका. पैशाचं पहिल्याच दिवशी बोला. पाळी बदलते त्या आठवड्यात तासांचं काय, पोराला ताप आला तर काय, ओव्हरटाईम लागला तर तासाचे किती, दूध-खाणं कुणाचं? महिन्याचा दर ठरला तरी या फुटकळ गोष्टींवरून संबंध तुटतात. चतुर्थीला काकी सुट्टी घेणारच. त्या दिवसांत तुम्हीही गावी जाल तर उत्तम, नाहीतर दुसरी सोय महिनाभर आधी करा.

एकाच चाळीतल्या दोघी वेगवेगळ्या पाळीत असतील तर पोरं आलटूनपालटून सांभाळतात. सगळ्यात स्वस्त हेच, पण सुपरवायझरने एकीची पाळी बदलली की गणित विस्कटतं. म्हणून दोघींनी मिळून आधीच त्याच्या कानावर घाला. गावाहून आईला किंवा सासूला आणणार असाल तर लावणी धरून चाला. जूनमध्ये पाऊस लागला की तिचं मन गावाकडेच ओढतं.

एक गोष्ट मात्र करू नका. धाकट्यासाठी आठ-दहा वर्षांच्या मुलीला शाळेतून काढून घरी बसवू नका. शाळा सोडल्याचा दाखला गावाहून यायला उशीर झाला, एवढ्या कारणाने शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिवाय इथल्या सरकारी प्राथमिक शाळांत मराठी माध्यम आहे.

गृह आधारचा, म्हणजे गृहिणींना दरमहा मदत देणाऱ्या गोवा सरकारच्या योजनेचा, फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागणारेही भेटतील. त्या योजनेला गोव्यात 15 वर्षांचं वास्तव्य लागतं. त्यांना चहासुद्धा पाजू नका.