मराठी ब्लॉगवर जाहिराती लावताय? मग वाचकाची माहिती पण सांभाळा

मी शुगर असलेल्यांच्या जेवणाबद्दल लिहिते. भाकरी किती, आंबा चालतो का, इन्सुलिन घेतल्यावर किती वेळात जेवायचं असलं सगळं. मध्यंतरी एका वाचक ताईंची मेल आली. मुलीला लहानपणापासून शुगर आहे, लग्नाचं बघतायत, आणि सांगायचं ते सगळं समोरच्यांना नीट बसून सांगायचं असं घरात ठरलेलं. पाहुणे आले तेव्हा मुहूर्त बघायला यांनी फोनवर पंचांग उघडलं, तर वर ग्लुकोमीटरची जाहिरात, खाली इन्सुलिन ठेवायच्या पिशवीची. काही दिवस त्या माझीच पानं वाचत होत्या. तेव्हा मी अॅडसेन्ससोबत (ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गूगलची सेवा) अजून एक छोटं अॅड नेटवर्क, म्हणजे जाहिराती पुरवणारी दुसरी कंपनी, लावलेलं होतं, जास्त पैसे देतं म्हणून. त्या काय वाचतायत हे बघून जाहिराती पंचांगापर्यंत मागे आल्या असणार. त्याच दिवशी काढलं. पण जाहिराती बंद नाही केल्या, कारण होस्टिंगचा, म्हणजे ब्लॉग इंटरनेटवर ठेवायचा, खर्च त्यातूनच निघतो. दोन्ही कसं जमवायचं ते इथे सांगते.

आधी पैशाचं. अॅडसेन्स मराठी घेतं, त्यामुळे मराठी ब्लॉगला मंजुरी मिळत नाही हा समज सोडा. मजकूर स्वतःचा हवा, वय १८ पूर्ण हवं आणि प्रायव्हसी पॉलिसीचं, म्हणजे वाचकाची कोणती माहिती घेतली जाते ते सांगणारं, पान हवंच. पूर्वी मुख्यतः क्लिकवर पैसे मिळायचे, २०२४ पासून जाहिरात दिसली की हिशोब होतो, त्यामुळे क्लिकसाठी फसवं बटण वगैरे करायची काही गरजच उरलेली नाही. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नका, मैत्रिणींना पण सांगू नका, खातं बंद होतं. १० डॉलर जमले की घरच्या पत्त्यावर पोस्टाने पिन (पत्ता खरा आहे हे तपासायचा आकडा) येतो. पत्ता लिहिताना गल्ली, जवळची खूण, पिनकोड सगळं नीट टाका, कारण चार महिन्यांत तो पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात आणि गावाकडे पत्र हरवायला वेळ लागत नाही. १०० डॉलर झाले की पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे निघतात. बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा कोड) लागतो, तुमच्या शाखेला नसेल तर मोठ्या शाखेचा विचारून घ्या.

आता मुख्य काम. अॅडसेन्समध्ये ब्लॉकिंग कंट्रोल्स उघडा, तिथे अॅड सर्व्हिंगच्या भागात पर्सनलाइज्ड जाहिराती, म्हणजे वाचकाची आवड ओळखून दाखवलेल्या, बंद करता येतात. मग वाचक आधी कुठे कुठे फिरून आला हे न बघता तुमच्या पानाचा विषय आणि साधारण ठिकाण बघून जाहिरात लागते, म्हणजे नाचणीच्या पानावर पिठाची नाहीतर मिक्सरची. कमाई थोडी उतरते हे खरंय. पण आजार, कर्ज, घटस्फोट, गरोदरपण असल्या विषयांवर लिहीत असाल तर माझं स्पष्ट मत आहे की हे बंदच ठेवा. एक लक्षात घ्या, यानंतरही कुकी (वाचकाच्या ब्राउझरमध्ये साठवली जाणारी छोटी नोंद) पूर्ण जात नाहीत, तीच जाहिरात किती वेळा दाखवली हे मोजायला आणि खोटे क्लिक पकडायला त्या वापरल्या जातात, म्हणून पॉलिसीत "आम्ही कुकी वापरत नाही" असं लिहू नका.

तिथेच सेन्सिटिव्ह कॅटेगरी आहेत, म्हणजे नाजूक विषयांच्या जाहिरातींचे गट, जे बंद करता येतात. झटपट श्रीमंती, वजन घटवणं, ज्योतिष हे मी बंद केलंय. शुगर मुळापासून घालवतो म्हणणारी जाहिरात माझ्या लेखाशेजारी दिसली तर वाचणाऱ्याला वाटतं मीच सांगतेय, आणि कुणी गोळ्या सोडल्या तर?

ज्याकडे फार कमी लोक बघतात ते म्हणजे फॉर्म. संपर्काचा किंवा सबस्क्राइबचा फॉर्म भरून बघा आणि सबमिट केल्यावर ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पानाचा पत्ता वाचा. त्यात तुमचा ईमेल दिसला तर तो पानाच्या पत्त्याबरोबर तिथल्या जाहिरात कंपन्यांकडे आपोआप जाऊ शकतो. गूगलच्या नियमातही हे चालत नाही. फॉर्मच्या सेटिंगमध्ये पद्धत (मेथड) गेट असेल, म्हणजे भरलेली माहिती पत्त्यात जोडली जात असेल, तर ती पोस्ट करायची, मग ती पत्त्यात दिसत नाही, जमत नसेल तर फॉर्मच्या पानावर जाहिरात लावू नका, एवढंच.

दुसरं एखादं अॅड नेटवर्क जोडताना ते अॅड्स डॉट टीएक्सटी (तुमच्या साईटवरच्या जाहिरातीच्या जागा कोण विकू शकतं त्याची यादी) या फाईलमध्ये ओळी टाकायला देतं. त्या ओळी मोजा. प्रत्येक ओळ म्हणजे तुमची जागा विकायची परवानगी असलेलं एक खातं, आणि जाहिरातीच्या जागेसाठी कंपन्यांमध्ये लिलावासारखी बोली लागते तेव्हा कोणतं पान उघडलंय, फोन कुठला, साधारण गाव कोणतं ही माहिती बोलीबरोबर फिरते. शंभर ओळी द्यायला सांगितल्या तर मी सरळ नाही म्हणते. जुने शेअर बटण, व्हिजिटर काउंटर, चॅटचे प्लगइन (ब्लॉगला बाहेरून जोडलेल्या जादा सोयी) पण काढा, बरेच वापरात नसतात पण मागे माहिती पाठवत बसलेले असतात.

तुमचे वाचक लंडन किंवा जर्मनीत असतील, मराठी ब्लॉगला असतातच, तर त्यांच्यासाठी संमतीचा मेसेज लागतो. युरोप आणि ब्रिटनसाठी जानेवारी २०२४ पासून गूगलने प्रमाणित संमती टूल बंधनकारक केलंय, अॅडसेन्सच्या प्रायव्हसी अँड मेसेजिंगमध्ये ते फुकट मिळतं. "मान्य" आणि "नको" ही दोन्ही बटणं सारख्या आकाराची ठेवा.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आलाय, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्यातल्या दोन गोष्टी ब्लॉगवाल्यांनी आत्ताच धरा. १८ च्या आतल्या मुलांवर नजर ठेवून त्यांना टार्गेटेड जाहिराती दाखवायला मनाई आहे, म्हणून बालगीतं, शाळेचे निबंध असं काही लिहीत असाल तर पर्सनलाइज्ड आजच बंद करा. दुसरं म्हणजे संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यायचाय, आणि मराठी त्यात आहे. मला हे फार आवडलं. इंग्रजीतून कॉपी केलेली पॉलिसी माझ्या आईला वाचता येत नाही, मग तिने कशाला हो म्हटलं?

पॉलिसी मराठीत लिहायला एक दुपार पुरते. गूगल आणि बाकी कोण कोण कुकी वापरतं, पर्सनलाइज्ड जाहिराती वाचकाला स्वतः गूगलच्या माय अॅड सेंटरमधून कशा बंद करता येतात, ईमेल घेतला तर कशासाठी आणि काढून टाकायला कुणाला लिहायचं. पैसे घेऊन लिहिलेला लेख असेल तर अगदी वर, पहिल्या ओळीच्या आधी "जाहिरात" लिहा, शेवटी बारीक अक्षरात नको.

सगळं झालं की ब्राउझरमध्ये नवीन कोरं प्रोफाइल उघडून (प्रायव्हेट विंडोत बाहेरच्या कुकी बहुतेकदा अडवल्या जातात, म्हणून ती नको) स्वतःचं सगळ्यात नाजूक विषयाचं पान उघडा आणि पूर्ण खालपर्यंत जा. मग त्याच विंडोत एखादी दुसरी साईट, पंचांगाची म्हणा, उघडा आणि तिथे काय दिसतंय ते बघा. मी दर महिन्याच्या एक तारखेला हे करते, ज्या विषयाची जाहिरात मागे आली त्या पानावरचं प्रत्येक प्लगइन एकेक बंद करत जायचं, कोण पाठवतंय ते सापडतं.